गळाच्या रॉडची लाकूड-बुचाची मूठ: उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फिरते

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पोचलो, रॉड पिशवीतून काढला आणि मूठ धरताच अंगठ्याला काहीतरी खुपलं. टॉर्च मारून पाहिलं. बुचाच्या मुठीच्या मधोमध बसवलेल्या सागवानी कड्याला उभी भेग गेली होती. वरच्या बुचापासून खालच्या बुचापर्यंत सरळ, नखाची कड आत शिरेल एवढी. कडं सप्टेंबरात बसवलेलं. आदल्या वर्षीचं कडंही सप्टेंबरातच बसवलं होतं आणि तेही एप्रिलमध्येच तडकलं होतं.

घरी मूठ करणारा कुणीही भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: गोंद कुठला वापरू? भेग पडली, कडं सुटलं, मूठ कर्रकर्र वाजायला लागली की संशय गोंदावरच जातो. माझाही गेला होता. एकाच रॉडची मूठ मी चार वेळा केली. पहिल्या तीन मुठी दोन वर्षांत गेल्या. चौथी मूठ दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढून आजही घट्ट आहे, आणि तिच्यात गोंद तोच आहे जो दुसरीत होता. म्हणून गोंदाचं नंतर बोलू, आधी लाकडाचं.

तिसऱ्या मुठीनं माझे डोळे उघडले. दोनदा उन्हाळ्यात तडकल्यावर मी ठरवलं की मेमध्येच करायची, लाकूड तेव्हा ठणठणीत कोरडं असतं. केली. जून गेला, जुलै गेला, भेग नाही. वाटलं जमलं. सप्टेंबरात टेंभुर्णीच्या बाजूला उजनीच्या बॅकवॉटरवर कटला लागला, रॉड वाकला आणि मूठ हातात फिरली. रीळ एका बाजूला, रॉडच्या गाइड रिंगा दुसऱ्या बाजूला. मासा गेला. घरी येऊन मूठ कापून काढली तर आत गोंदाचा थर ब्लँकवरून, म्हणजे रॉडच्या मूळ कांडीवरून, सापाच्या कातीसारखा अखंड निघून आला, आणि तो लाकडाला मात्र पक्का चिकटलेला होता. लाकूड फुगलं, भोक मोठं झालं आणि जाताना गोंदाला ब्लँकवरून ओढून घेऊन गेलं.

आमच्या भागात एक जुने कातारी आहेत. लाटणी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय कातून देतात. कडी मी त्यांच्याकडूनच कातून घ्यायचो. तिन्ही फुटकी कडी त्यांच्यासमोर ठेवली.

“काका, सागवान आहे, वाळलेलं आहे, तरी असं का?”

“वाळलेलं म्हंजे कवा वाळलेलं? आषाढातलं का चैत्रातलं?” त्यांनी कडं बोटात घालून फिरवलं. “हे बघा, लाटणं बी आकसतंय, फुगतंय. पण त्याच्या पोटात काही नाही, त्यामुळं कुणाला कळत नाही. तुम्ही ह्याच्या पोटात कांडी घातलीय. हे आकसणार कुठं, सांगा की.”

दुखणं एवढंच आहे. पुढचं सगळं याच वाक्याचा विस्तार समजा.

घरी येऊन मी एक साधी गोष्ट केली. त्याच सागवानाचा एक ठोकळा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला आणि दर महिन्याच्या एक तारखेला वजन वहीत लिहायला लागलो. ठोकळा माळ्यावर, घरातच, पाण्यापासून लांब. सप्टेंबरात तो २१२ ग्रॅम भरला. मेमध्ये २०१. गेलेले ११ ग्रॅम म्हणजे नुसतं हवेनं ओढून घेतलेलं पाणी. लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. बाहेर दमट असलं की घेतं, कोरडं असलं की देतं. मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, दुपारचा वारा ओठ फोडतो, तेव्हा लाकडालाही तेच भोगावं लागतं. कोकणात हवा बारा महिने दमट, त्यामुळं तिथल्या माणसाच्या मुठीला हा झोका एवढा बसत नाही. आपल्याकडे सप्टेंबर आणि मे यांच्यातलं अंतर मोठं आहे.

आता हिशेब. सागवान ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्तुळाच्या दिशेनं, म्हणजे वाढीच्या वलयांच्या बाजूनं, साधारण ५.८ टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे साधारण २.५ टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. शिसवाचे आकडेही याच्या आसपासच आहेत. हे आकसणं लाकडातली ओल २८-३० टक्क्यांच्या खाली आली की सुरू होतं, म्हणजे ओल एक टक्का कमी झाली की वलयांच्या दिशेनं सुमारे ०.२ टक्के. माझ्या ठोकळ्यात सप्टेंबर ते मे ओलीचा फरक पाच-सहा टक्क्यांचा पडतो. २८ मिमी व्यासाच्या कड्यावर तो सुमारे ०.३ मिमी होतो आणि आतल्या १२ मिमी भोकावर ०.१३ मिमी. ऐकायला काहीच नाही. पण कार्बनचा किंवा फायबर ग्लासचा ब्लँक ओल घेतही नाही आणि देतही नाही, त्यामुळं तो या ०.१३ मिमीला जागा देत नाही. धाग्यांना आडवं ताणलं की लाकूड सगळ्यात कमकुवत असतं, हे सरपण फोडणारा प्रत्येक जण जाणतो. मग ते तिथंच उभं फाटतं.

बुचाचं मात्र तसं नाही. खरं बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक झाडाची साल. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं आणि झाडाची साल साधारण नऊ वर्षांतून एकदाच काढतात. त्यातल्या पेशी हवेनं भरलेल्या आणि भिंती मेणचट, म्हणून ते पाणी फारसं घेत नाही आणि ऋतूप्रमाणं बदलतही नाही. शिवाय दाबलं तर बाजूला फुगत नाही, म्हणून तर बाटलीच्या तोंडात सरळ जातं. आपल्याकडे ज्याला बुचाचं झाड म्हणतात, ज्याची लांब देठाची पांढरी फुलं पहाटे रस्त्यावर पडलेली असतात, त्याचीही साल पूर्वी बुचाऐवजी हलकी म्हणून वापरली जायची. पण तिच्या नादाला मुठीसाठी लागू नका, ती भुसभुशीत असते.

म्हणजे एकाच मुठीत तीन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू आहेत. ब्लँक हलत नाही. बूच हलत नाही, पण दबतं. लाकूड मात्र वर्षभर हलतं आणि दबायलाही तयार नसतं. हलणारं लाकूड न हलणाऱ्या ब्लँकला कडक गोंदानं थेट जोडलं की त्याचा शेवट ठरलेला आहे. गोंद चांगला असेल तर लाकूड फाटेल, गोंद वाईट असेल तर सांधा सुटेल.

तुमच्या मुठीला काय झालंय ते आधी नीट बघा, कारण उपाय त्यावर ठरतो.

भेग उभी असेल, म्हणजे रॉडच्या लांबीच्या दिशेनं, आणि लाकडातच असेल तर वरचंच कारण. ती फेब्रुवारी ते मे यांच्यातच दिसेल आणि जुलैनंतर बारीक होत जाईल. तिला भरू नका. हे मी कळकळीनं सांगतो, कारण पहिल्या मुठीत मी हीच चूक केली. मेमध्ये भेग उघडी असताना तिच्यात इपॉक्सी (दोन भाग कालवून करायचा गोंद) आणि लाकडाचा भुसा कोंबला. पावसाळ्यात लाकूड फुगून भेग मिटायला आली तर मिटायला जागाच नव्हती. पाचर ठोकल्यासारखं झालं आणि समोरच्या बाजूला दुसरी भेग पडली.

लाकडाची कड बुचापेक्षा किंचित वर आलेली लागत असेल, आणि तीही फक्त दोन समोरासमोरच्या बाजूंना, तर कडं फळीतून आडवं कापलेलं आहे. फळीच्या सपाट बाजूवर भोक पाडून चकती काढली की धागे रॉडला आडवे येतात. मग चकतीचा एक व्यास बदलतो, दुसरा बदलत नाही आणि गोल चकती लंबगोल होते. डोळ्याला दिसणार नाही, अंगठ्याला मात्र लगेच कळेल. पॉलिश पेपरनं घासून सारखी केलीत तर पुढच्या ऋतूत त्याच जागी खड्डा लागेल.

तिसरा प्रकार मुलांच्या हौसेचा. बाभळीची किंवा कडुलिंबाची फांदी आडवी कापून, सालीसकट चकती, मधोमध गाभा, वलयं छान दिसतात. ती चकती तडकणारच. वलयांच्या दिशेचं आकसणं गाभ्याकडच्या आकसण्याच्या दुपटीच्या आसपास असतं, त्यामुळं परीघ तोकडा पडतो आणि गाभ्यापर्यंत फाटतो. इथं कुठलाच गोंद, कुठलंच पॉलिश उपयोगाचं नाही. गाभा बाहेर ठेवून, धागे रॉडच्या लांबीत येतील असा तुकडा घ्या आणि त्याचं कडं कातून घ्या.

लाकूड धडधाकट आहे पण मूठ पिळल्यावर कर्र वाजते किंवा फिरते, तर सांधा ब्लँकवरून सुटलाय. नखानं मुठीवर वरून खालपर्यंत टकटक करत जा. भरीव जागी आवाज दबका येतो, पोकळ जागी वेगळा. जिथं पोकळ वाजेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. माझ्या तिसऱ्या मुठीत पोकळ आवाज फक्त लाकडाखाली येत होता, बुचाखाली कुठंच नाही. आणि लाकूड व बूच यांच्यातला आडवा सांधा उघडला असेल तर ती गोष्ट वेगळी, तिच्याकडे गोंदाच्या वेळी येतो.

चौथ्या मुठीत मी काय केलं ते सांगतो. लाकूड ब्लँकला टेकूच दिलं नाही. दोघांच्या मध्ये बुचाचं अस्तर घातलं.

पूर्वी कड्याचं भोक ब्लँकच्या मापाचं, १२ मिमी असायचं. आता मी ते १८ मिमी पाडून घेतो. बाहेरचा व्यास २८, म्हणजे लाकडाची भिंत ५ मिमी उरते. ४ मिमीच्या खाली जाऊ नका, कातताना उडते. मग बुचाच्या दोन-तीन चकत्या एकावर एक चिकटवून त्यांची नळी करतो. बाजारात मिळणाऱ्या चकत्या साधारण ३२ मिमी व्यासाच्या आणि अर्धा किंवा पाव इंच जाडीच्या असतात, मध्ये पाव इंचाचं भोक. ती नळी बोल्टवर घट्ट बसवून बोल्ट ड्रिल मशिनमध्ये धरायचा, मशिन टेबलाला पक्कं बांधायचं आणि फिरत्या बुचाला १२० नंबरचा पॉलिश पेपर लावत १८ मिमीपर्यंत आणायचं. बूच लोण्यासारखं उतरतं, म्हणून घाई नको. दर अर्ध्या मिनिटाला व्हर्नियरनं माप घ्या. नळी लाकडात अंगठ्याच्या दाबानं गेली पाहिजे. हातोडी लागत असेल तर अजून जाड आहे. आपोआप घरंगळून गेली तर बारीक झाली, ती टाका आणि दुसरी करा. नाकातोंडावर मास्क हवा. बुचाची धूळ हलकी असते, खोलीभर होते, आणि शिसवाच्या धुळीनं काहींना अंगावर खाज उठते.

नळीचं आतलं भोक गोल कानशीनं वाढवायचं. इथं बहुतेकांचा हात चुकतो. ब्लँक निमुळता असतो, वरच्या बाजूला बारीक आणि बुडाला जाड. मूठ वरून, बारीक टोकाकडून घालत खाली आणायची. जिथं ती बसणार तिथून दोन बोटं अलीकडे ती हलकेच अडली पाहिजे आणि उरलेलं अंतर कानशीनं मोकळं करत जायचं. एकदम ढिलं भोक करून मग ब्लँकवर कागदी टेपचे वेढे देऊन जाड करणारे पुष्कळ आहेत. पाणी मुठीच्या बुडातून आत शिरतं, टेप भिजते, लगदा होते आणि मूठ डुगडुगते. तेवढ्यासाठी अस्तराची मेहनत वाया घालवू नका.

अस्तर घातल्यावर काय होतं? मेमध्ये कडं ०.२ मिमीनं आवळतं, तर ३ मिमी जाडीचं बूच तेवढं दबतं आणि लाकडावर ताण येत नाही. सप्टेंबरात कडं सैलावतं, बूच त्याच्या मागं पसरतं. ब्लँकवरचा सांधा बुचाचा असल्यामुळं तो बारा महिने जागेवर राहतो. याची किंमत एकच आहे. हातात येणारी थरथर किंचित मऊ होते. कृत्रिम आमिष ओढत मरळ मारणाऱ्याला हे जाणवेल. त्यानं पुढच्या बोटाखाली नुसतं बूच ठेवावं आणि लाकूड मागं, तळहाताखाली घ्यावं. कणकेचा गोळा लावून कटल्याची वाट बघत बसणाऱ्याला फरक कळणारही नाही.

दुसरी गोष्ट, लाकूड बंद करणं. पॉलिश सगळे बाहेरून करतात, जिथं हात लागतो तिथं. ओल मात्र जास्त वेगानं जाते-येते ती कड्याच्या दोन्ही आडव्या तोंडांतून, कारण तिथं धाग्यांच्या नळ्या उघड्या असतात, आणि आतल्या भोकातून. म्हणून चिकटवायच्या आधी दोन्ही तोंडांना आणि भोकाला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा वर राहतो. सुकल्यावर २२० च्या पेपरनं चकाकी घालवा, म्हणजे पुढचा गोंद धरतो. बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन-चार पातळ हात. पॉलिशनं ओल पूर्ण थांबत नाही, पण तिचा वेग इतका मंदावतो की चार दिवसांच्या झडीचा किंवा आठवड्याच्या झळांचा परिणाम आतपर्यंत पोचत नाही.

आपल्याकडे जवसाचं तेल सहज मिळतं आणि त्यानं सागवान इतकं सुंदर दिसतं की मोह होतो. दिसण्यासाठी लावा, पण ते हवेतली ओल जवळजवळ अडवतच नाही. आणि तेल लावलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच सांभाळा. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाकूड कधी कातायचं? कातारी काकांनी विचारलेला आषाढ-चैत्राचा प्रश्न इथं कामाला येतो. वर्षाच्या मधल्या ओलीवर कातावं, म्हणजे दोन्हीकडे निम्मा-निम्माच झोका बसतो. माझ्या वहीप्रमाणं तो काळ दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर-डिसेंबर. तुकडा आणल्याआणल्या कातू नका. ढोबळ चौरस कापून घरात ठेवा, आठवड्यातून एकदा वजन करा आणि तीन आठवडे वजन बदललं नाही की द्या कातायला. नवीन सागवानापेक्षा जुनं मिळालं तर सोनं. सोलापुरात त्याला तोटा नाही. जुन्या वाड्यांच्या चौकटी आहेत, आणि हातमाग-यंत्रमागाच्या गावात मोडक्या मागाचं लाकूडही आहे. सध्याच्या मुठीतलं माझं कडं एका मोडीत निघालेल्या हातमागाच्या चौकटीतलं आहे. कितीतरी वर्षं सूत आणि हात लागून गुळगुळीत झालेला तो तुकडा कातताना फळीसारखा ओला भुसा पडला नाही, कोरडी बारीक पूड पडली. जुनं लाकूडही फुगतं आणि आकसतं, पण कापल्यावर वाकत नाही, कारण त्यातला ताण केव्हाच निघून गेलेला असतो.

आता गोंद. दोन ट्यूबचं सावकाश सुकणारं इपॉक्सी घ्या, चोवीस तासांचं. पाच मिनिटांचं घेऊ नका. ते एवढ्या लवकर घट्ट होतं की मूठ सरकवून, रीळ सीट (रीळ बसवायची जागा) सरळ करून, सांडलेलं पुसेपर्यंत ते धरलेलं असतं, आणि ओलीला व उष्णतेला ते कमी टिकतं. सुताराचा पांढरा गोंद लाकडाला लाकूड जोडायला उत्तम, पण चकाकत्या ब्लँकवर त्याला धरायला काही नसतं.

मिश्रण बरोबर निम्मं-निम्मं हवं, डब्यावर तसं लिहिलं असेल तर. ‘जरा हार्डनर जास्त टाकू, लवकर सुकेल’ हे चालत नाही. इपॉक्सी सुकत नाही, दोन भागांची एकमेकांशी रासायनिक गाठ पडते, आणि जोडीदाराविना उरलेला भाग कायम चिकट राहतो. हवा दहा अंशांनी वाढली की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मेमध्ये दुपारी कालवायला बसलात तर ते वाटीतच तापून घट्ट होईल. पहाटे करा, थोडं थोडं कालवा आणि खोल वाटीऐवजी पसरट झाकणात ठेवा.

ब्लँकची चकाकी २२० च्या पेपरनं हलकेच मारायची, नुसती मंद होईल एवढीच. धागे दिसेपर्यंत घासलंत तर ब्लँक कमकुवत होईल. मग स्पिरिटनं पुसून पुन्हा बोट लावायचं नाही. सागवान आणि शिसव तेलकट असतात. त्यांना असिटोननं पुसा आणि लगेच, पंधरा-वीस मिनिटांत चिकटवा. उशीर झाला की आतलं तेल परत वर येतं.

लाकूड आणि बूच यांच्यातला आडवा सांधा उघडतो तो बहुतेक वेळा गोंद कमी पडल्यामुळं. लाकडाच्या उघड्या तोंडानं गोंद पिऊन टाकला आणि सांध्यात काही उरलंच नाही. वर सांगितलेले पातळ इपॉक्सीचे दोन हात इथंही कामाला येतात. दुसरं कारण अतिदाब. आटे असलेली सळई, दोन्ही टोकांना लाकडी पट्टी आणि नट, असा शिकंजा आपण करतो. सळईला आधी मेणबत्ती चोळून घ्या, नाहीतर तीच मुठीत चिकटून बसेल. नट पान्यानं आवळू नका, बोटांनी आवळा. गोंदाचा बारीक मणी सांध्याभोवती सगळीकडून दिसला की थांबा. बूच दबून गोंद सगळा बाहेर आला तर सांधा उपाशी राहतो.

ज्यांची मूठ आत्ता तडकलेली आहे आणि हंगाम तोंडावर आहे, त्यांच्यासाठी तात्पुरतं. भेग तशीच ठेवा. बोटाला कड लागत असेल तर ४०० च्या पेपरनं मोडा आणि वरून पातळ सुती दोऱ्याचे शेजारी-शेजारी वेढे द्या, कडं झाकेल एवढे. दोऱ्याला वार्निश लावू नका, म्हणजे दिवाळीनंतर सोडवता येईल. बुचातले लहान खड्डे मात्र केव्हाही भरा. मूठ घासताना पडलेली बुचाची पूड जपून ठेवा, ती गोंदात कालवून भरली की डाग दिसत नाही.

जुनी मूठ काढताना हीट गन वापरू नका. उष्णतेनं इपॉक्सी मऊ होतं हे खरं, पण ब्लँकमधला रेझिनही त्याच घराण्यातला. धारदार कटरनं बूच उभं चिरत जा, पातं ब्लँकला समांतर ठेवून, शेवटचा मिलिमीटर पेपरनं काढा. लाकडी कड्याला दोन समोरासमोर खाचा हॅक्सॉच्या पात्यानं पाडा, अर्ध्या भिंतीपर्यंतच, मग पेचकसानं हलकं पिळलं की ते स्वतःच दोन तुकडे होतं. माझं पहिलं कडं असंच निघालं आणि त्याच्या आतल्या बाजूला, जिथं गोंदाचा हात चुकला होता तिथं, पाण्याचा काळा डाग दिसला. बुडाला टोपी न लावल्यामुळं पाणी तिथून वर चढलं होतं. बुडाला रबरी टोपी किंवा बुचाच्या भुशाची दाबून केलेली कडक चकती लावा, आणि तिच्या सांध्यालाही गोंदाचा पूर्ण मणी येऊ द्या.

आणखी एक, जे मला पहिल्या वर्षी सुचलंच नव्हतं. घरी सुकवलेल्या साध्या इपॉक्सीची ताकद ५०-६० अंशांच्या पुढं उतरायला लागते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा काचा लावलेल्या कारच्या मागच्या काचेखाली, आपल्या मेमध्ये, तेवढं सहज होतं. पहाटेचं मासे धरून नऊला परत आलात आणि रॉड कारमध्येच विसरून दुपारी कामाला लागलात, तर मूठ कितीही नीट केलेली असू द्या, सांधे मऊ होतात. त्यात रॉड मुठीवर उभा टेकलेला असेल तर कडं वाकडंच बसतं. रॉड घरात आणा आणि आडवा, फरशीपासून वर, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. माझा माळ्यावरच्या दोन खुंट्यांवर असतो, ठोकळ्याच्या शेजारी. या महिन्याच्या एक तारखेला ठोकळा २०३ भरला. कडं बोटानं फिरवून पाहिलं, हललं नाही. बुचाशी त्याची कड अजून एकसारखी लागते आहे.